आधीचा श्वास

१

जगाच्या दक्षिण टोकाकडच्या वाल्दिव्हिया गावात जूनमध्ये हिवाळा लागला की घराघरांत दोन कामं नेमाने चालतात, लाकडं फोडणं आणि पावसाला शिव्या घालणं. होत्त भावंडांच्या घरी तिसरंही एक काम असे. संध्याकाळचा चहा आणि सफरचंदाचा केक आटोपला की ओटिलिया पियानोपाशी बसायची आणि तिचा थोरला भाऊ एवाल्दो व्हायोलिन घेऊन तिच्या उजव्या खांद्यामागे उभा राहायचा. दोघांचा जन्म असं वाजवण्यात गेला. दक्षिणेतल्या गावागावांत, शाळांत, चर्चच्या दालनांत त्यांनी जोडीने मैफली केल्या. ओटिलियाचं लग्न झालं नाही. एवाल्दोचं झालं, पण बायको एक मुलगी मागे ठेवून लवकर गेली. त्या मुलीला, रेनाताला, आत्यानेच लहानाचं मोठं केलं.

दोन वाद्यं एकाच क्षणी सुरू व्हायची तर कुणीतरी इशारा द्यावा लागतो. ओटिलियाला मागे उभा असलेला भाऊ दिसत नसे, ती नुसती ऐकायची. गज तारांवर टेकवण्याआधी एवाल्दो नाकाने एक श्वास आत ओढायचा, आणि त्या श्वासाच्या टोकावर तिची बोटं पट्ट्यांवर पडायची. यात नवल काही नाही, सगळेच वादक असं करतात. पण एवाल्दोच्या श्वासाला एक बारीक शीळ होती. पोरवयात नदीवर होडी वल्हवताना वल्ह्याचा दांडा नाकावर बसला होता, तेव्हापासून नाक वाकडं आणि श्वास शिळेचा. श्रोत्यांना ती शीळ कळत नसे. ओटिलियाने ती झोपेतही ओळखली असती.

तरुणपणी एकदाच ती त्याच्या श्वासाची वाट न बघता सुरू झाली होती. कारण काहीच नव्हतं, सूर मनात आला आणि हात पडला. एवाल्दोने व्हायोलिन पेटीत ठेवलं, कोट चढवला आणि नदीच्या मुखाशी राहणाऱ्या एका मित्राकडे जो गेला तो बरेच दिवस फिरकलाच नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाला, "जो माझी वाट बघत नाही, त्याच्यामागे मी उभा राहत नाही." ओटिलियाने कानाला खडा लावला. तिने पुढे कधी मागे वळूनही पाहिलं नाही, कारण तेही त्याला खपत नसे. वाजवणाऱ्याने कानांवर भरवसा ठेवावा, मान वळवायची ती घुबडांनी, असं त्याचं म्हणणं.

मागच्या हिवाळ्यात एवाल्दो परसात लाकडं आणायला गेला, ओंडक्यावर जरा टेकला आणि तिथून उठला नाही.

२

बाप असेपर्यंत रेनाता गावाबाहेर पडली नव्हती. व्हायोलिनवर तिच्या हातात बापापेक्षा गोडवा जास्त होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि बापालाही. राजधानी सान्तियागोच्या संगीतशाळेतून दोनदा बोलावणं आलं, दोनदा एवाल्दोने "अजून नाही, कच्ची आहे," म्हणून परतवलं. पोरगी रडली, मग रडायची थांबली, आणि शेजारच्या मुलांना शिकवण्या देऊ लागली. ओटिलिया त्या वेळी काही बोलली नाही. घरात कधी काय सुरू करायचं हे एवाल्दो ठरवायचा, ही सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली.

तो गेल्यावर ती सवय मोडायला तिला एक हिवाळा लागला. मग तिने स्वतः सान्तियागोला फोन लावला. संगीतशाळेच्या मोरागाबाई म्हणाल्या, ऑगस्टमध्ये मी दक्षिणेत येतेच आहे, मुलीची एक मैफल ठेवा, ऐकते. पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. मुलीचं वय निघून चाललं होतं. यंदा जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या वर्षी त्या तिला घेऊ शकणार नव्हत्या.

तर मैफल ठरली. जागा नदीकाठच्या नौका क्लबाचं सभागृह, पियानोवर आत्या, व्हायोलिनवर भाची. रोज संध्याकाळी केक आटोपून दोघी तालमीला बसू लागल्या. रेनाता बापाच्याच जागी, आत्याच्या उजव्या खांद्यामागे उभी राहायची. पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. रेनाताचा श्वास हलका, तोंडाने घेतलेला. ओटिलियाला तो ऐकायला थोडं लक्ष द्यावं लागे, पण जमलं.

मग एका संध्याकाळी, मैफलीसाठी बसवत असलेल्या सोनाटा या तीन भागांच्या रचनेच्या पहिल्याच सुराला गडबड झाली. ओटिलिया सुरू झाली आणि रेनाता झालीच नाही.

"आत्या, घाई केलीस," रेनाता म्हणाली.

"तू श्वास घेतलास की."

"मी अजून गजच उचलला नव्हता."

दोघी हसल्या आणि पुन्हा सुरुवातीला आल्या. ओटिलियाने हात वर धरले, श्वास आला, बोटं पडली. पुन्हा ती एकटीच वाजवत होती. या खेपेला रेनाता हसली नाही. तिसऱ्या वेळी ओटिलियाने नीट कान दिला. खांद्यामागून एक श्वास आला, थोडा वरून, नाकाने ओढलेला. त्याच्या टोकाला बारीक शीळ होती. तिची बोटं जागच्या जागी थिजली. जरा वेळाने, त्याच्या मागून, रेनाताचा हलका श्वास आला.

३

ओटिलिया काही भूतखेतं मानणारी बाई नव्हती. कमरेत उसण भरली की ती बदलत्या हवेला दोष द्यायची, शेजारणीसारखी कुणाच्या नजरेला नाही. तिने शिळेचा छडा लावायचा ठरवला.

आधी शेगडीवरची किटली उतरवली, कारण उकळतं पाणी शीळ घालतं. श्वास आला. दुसऱ्या दिवशी शेगडीत ओली लाकडं होती, ओलं लाकूड जळताना सुसकारे टाकतं, म्हणून तिने शेगडीच विझवली. दोघी शाली गुंडाळून वाजवायला बसल्या, आणि श्वास आला. खिडकीच्या फटीत तिने चिंध्या कोंबल्या. मग वाटलं आपलेच कान वाजत असतील, वय झालं. डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, ओटिलियाबाई, तुमचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत. एरवी तिला याचा आनंद झाला असता.

एकच गोष्ट तिने ध्यानात घेतली. शीळ एरवी कधीच ऐकू येत नसे, जेवताना नाही, झोपताना नाही, रेनाता एकटी सराव करत असताना नाही. ओटिलियाने पट्ट्यांवर हात धरले आणि वाट बघायला लागली, की मगच ती यायची. वाट बघणं आणि श्वास, दोन्ही एकमेकांना चिकटलेली.

तिने रेनाताला सांगितलं, श्वास राहू दे, तू मानेने खूण कर, मी बघेन. ती आयुष्यात पहिल्यांदा वाजवताना अर्धवट वळून बसली. पण हात वर धरले, मागून शीळ आली, आणि मान हलण्याआधीच बोटं पडून गेली. बोटांना डोळे नसतात, त्यांना कानांनी शिकवलेलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो सुंभ भावाचा होता की तिचा, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

त्या अर्धवट वळण्यात तिला आणखी एक गोष्ट दिसली. रेनाता आपल्या जागेवर उभी नव्हती. चांगली पाऊलभर डावीकडे, जवळजवळ कपाटाला टेकून उभी होती. बापाच्या टाचांनी जमिनीच्या फळीवर जिथे वर्षानुवर्षांचा डाग पडला होता, ती जागा मोकळी होती.

"तिकडे कशाला गेलीस? कोपर आपटेल कपाटाला."

रेनाताने खाली पाहिलं. आपण सरकलो हे तिच्या गावीही नव्हतं. "काय माहीत," ती म्हणाली, "तिथे दाटी होते."

ओटिलियाच्या मनात पाल चुकचुकली. तिने स्वरलिपीच्या वह्या मिटल्या आणि आज डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

४

मैफलीच्या आदल्या दुपारी दोघी क्लबात तालमीला गेल्या. सभागृह म्हणजे पूर्वीची होड्यांची कोठीच. छताला अजून दोन जुन्या लांबोळक्या होड्या टांगलेल्या, भिंतीवर जिंकलेल्या चमूंची छायाचित्रं, त्यांतल्या एकात तरुण एवाल्दो वल्हं धरून उभा, नाक वाकडं आणि हसू सरळ. खाली नदीवर समुद्रसिंह ओरडत होते. बाजारातल्या माशांच्या डोक्यांवर त्यांची भांडणं दिवसभर चालतात. तो सगळा गलका ओटिलियाला बरा वाटला. एवढ्या आवाजात एक शीळ काय ऐकू येणार, असं तिने स्वतःला समजावलं.

ऐकू आली. घरच्यापेक्षा स्वच्छ आली. सोनाटाची सुरुवात चारदा फसली, मधल्या संथ भागाची सुरुवातही फसली. रेनाताने व्हायोलिन खाली घेतलं आणि गजाचा ताण सैल केला.

"आत्या, खरं सांग," ती शेवटी म्हणाली, "मी जायला नको आहे का तुला?"

"काहीतरीच काय बोलतेस."

"बाबा निदान तोंडावर नाही म्हणायचे. तू गोड बोलून केक खायला घालतेस आणि सुरुवातीलाच माझा पाय ओढतेस. एवढी वर्षं बाबांबरोबर तू एकदाही चुकली नाहीस. माझ्याबरोबरच कशी चुकतेस?"

ओटिलियाच्या जिभेच्या टोकावर आलं होतं की अगं, मी चुकत नाही, मी त्याच्याच बरोबर सुरू होते आहे. पण हे सांगितलं तर दोहोंपैकी एक होणार. पोरगी म्हणेल आत्याला वेड लागलं, आणि मैफल रद्द करेल. किंवा पोरगी विश्वास ठेवेल, आणि मग बापाला मागे सोडून सान्तियागोची गाडी पकडणं तिला जन्मात जमणार नाही. ओटिलियाला हे दुसरं जास्त भयंकर वाटलं.

"उद्या चुकणार नाही," ती म्हणाली. "उद्या चुकले तर माझं नाव टाक."

आणि खरं सांगायचं तर तिला नुसती भीती वाटत नव्हती. दर वेळी ती शीळ ऐकून तिला बरं वाटलं होतं. घर रिकामं नाही, असं वाटलं होतं. या गोष्टीची तिला अतोनात लाज वाटली.

५

मैफलीच्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. उत्तरेचा वारा असला की क्लबाची भट्टी धूर उलटा आत फेकते, म्हणून ती पेटवलीच नाही. लोक कोट, टोप्या, मफलरसकट बसले. काही बायकांनी गरम पाण्याच्या पिशव्या शालीआड धरल्या होत्या. पहिल्या रांगेत मोरागाबाई, हातमोजे घातलेले हात मांडीवर. गावाला अशी थंडी म्हणजे घरचंच माणूस, कुणी तक्रार केली नाही. बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती.

ओटिलियाने पियानोचा सूर दिला, रेनाताने तारा जुळवल्या. मग शांतता झाली. नेमक्या त्या वेळी समुद्रसिंहसुद्धा गप्प बसले.

ओटिलियाने हात वर धरले. खांद्यामागून, वरून, श्वास आला. शीळ अगदी कानाशी होती, गजाला लावायच्या राळेचा वास होता, आणि बोटं आपसूक खाली निघाली. तिने ती हवेत अडवली. हे लिहायला सोपं आहे. उतारावर सुटलेली बैलगाडी हातांनी धरून ठेवावी तसं तिला झालं. पहिल्या रांगेत मोरागाबाई किंचित पुढे वाकल्या.

तेव्हा तिने मान वळवली. पूर्ण नाही, चिमूटभर.

रेनाता पाऊलभर बाजूला उभी होती, हनुवटी व्हायोलिनवर, डोळे मिटलेले. तिच्या ओठांपुढे वाफ नव्हती, तिने अजून श्वास सोडला नव्हता. पण तिच्या शेजारी, तिच्या डोक्याच्याही वर, उंच माणसाचं तोंड असावं तिथे, हवेत वाफेचा एक पांढरा ढग विरत होता. तो विरला. त्याच जागी दुसरा आला, पहिल्यापेक्षा दाट आणि जोराचा. संतापलेला माणूस नाकाने श्वास सोडतो तसा.

ओटिलियाने मान पुढे केली. आता मागून हलका, तोंडाने घेतलेला श्वास ऐकू आला. त्याच्यावर तिने हात सोडले. दोन्ही वाद्यं एकदमच बोलली.

पहिला भाग कसा गेला ते तिला पुढे कधी नीट आठवलं नाही. प्रत्येक ओळीच्या आधी तो श्वास येत होता, आणि प्रत्येक ओळीला ती त्याला डावलून पुढे जात होती. पोरगी वाजवत होती ते मात्र साऱ्या सभागृहाच्या काळजाला भिडत होतं. भाग संपला. लोक खोकले, खुर्च्या करकरल्या. त्या आवाजाचा आडोसा घेऊन ओटिलियाने रुमाल तोंडाला लावला.

"पोरीला सोड, दादा," ती रुमालात पुटपुटली. "मी घरी तुझी वाट बघत जाईन. रोज. तू म्हणशील तेव्हाच सुरू होईन."

उरलेल्या दोन भागांत शीळ आली नाही. शेवटच्या सुरानंतर टाळ्या वाजू लागल्या तेव्हा ओटिलियाने पुन्हा मागे पाहिलं. रेनाता तिच्या अगदी जवळ, बापाच्या जागेवर उभी होती आणि रडत हसत होती. मोरागाबाई हातमोजे काढून टाळ्या वाजवत होत्या.

६

रेनाता सप्टेंबरात उत्तरेला, सान्तियागोच्या बसने गेली. आत्याने डब्यात केक दिला, गळ्यात मफलर बांधला आणि बस वळेपर्यंत हात हलवला. मग ती घरी आली, चहा प्याली आणि पियानोपाशी बसली, कारण दिला शब्द पाळायचा होता.

हात वर धरले. खांद्यामागून शीळ आली. तिने सुरुवात केली.

रोज असंच चाललं. पियानो वाजे, व्हायोलिन नसे. जिथे व्हायोलिनची ओळ यायची तिथे खोलीत नुसती शांतता असायची, आणि पुढच्या ओळीआधी पुन्हा श्वास. कुंपणापलीकडची शेजारीण एकदा म्हणाली, ओटिलियाबाई, तुम्ही बिचाऱ्या अर्धंच गाणं वाजवत बसता हो, ऐकून गलबलून येतं. ओटिलियाने हसून विषय लाकडांवर नेला. भीती वाटत नव्हती असं नाही. दिवसा ती फळीवरच्या त्या डागाला वळसा घालून चालायची. पण भीतीचीही सवय होते. शिवाय जोवर तो इथे उभा आहे, तोवर तिकडे नाही, हा हिशेब तिला पुरत होता.

रेनाताचे फोन येत. पोरगी भरभरून बोलायची. तिला तिथे गास्पार नावाचा पियानोवाला जोडीदार मिळाला होता. वसंतात दोघांची मैफल रेडिओवर होणार होती. तिथून पुढे कुठे जायचं ते त्याच मैफलीवर ठरणार होतं.

"तुला आवडेल तो, आत्या. अगदी तुझ्यासारखे कान आहेत. माझ्याकडे बघत म्हणून नाही. श्वास ऐकतो आणि सुरू होतो."

ओटिलियाने चांगलं आहे म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तिचा हात त्यावरच राहिला.

७

रेडिओवरची मैफल नोव्हेंबरात एका संध्याकाळी होती. त्या दिवशी सकाळपासून लख्ख ऊन पडलं होतं. वाल्दिव्हियात असं ऊन पडलं की माणसं वेड्यासारखी वागतात, गाद्या बाहेर काढतात, कुत्र्यांना आंघोळ घालतात. ओटिलियाने सगळ्या खिडक्या उघडल्या. नदीवर कुठल्यातरी शाळेची पोरं होड्या वल्हवत होती, त्यांची आरडाओरड आत येत होती. तिने पियानोवरची धूळ पुसली. पुसता पुसता फडकं एका पट्टीवर दाबलं गेलं आणि एक सूर वाजला. लहानपणी आईने शिकवलेलं एक छोटंसं नाचाचं गाणं त्या सुरावर सुरू व्हायचं. एकट्या पियानोचं. एवाल्दोने हातात व्हायोलिन घेतल्यापासून ते घरात कधी वाजलंच नव्हतं.

तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि उभ्याउभ्याच ते वाजवलं. मग बसून वाजवलं. बोटं अडखळली, ती हसली, आणि पहिल्यापासून पुन्हा वाजवलं. कधी सुरू करायचं ते तिने कुणाला विचारलं नाही. इतकी वर्षं पियानोपाशी बसून तिला ठाऊक नव्हतं की असं नुसतं सुरू होता येतं. तिचे डोळे भरून आले, आणि ते दुःखाने नव्हतं. दुपार कधी सरली ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी चहा पिऊन ती नेमाप्रमाणे बसली. रेडिओ तिने आधीच जवळच्या तिवईवर आणून ठेवला होता. पोरीचं वाजवणं सुरू व्हायच्या आत भावाला इथे उभा करायचा आणि मैफल संपेपर्यंत इथेच धरून ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं. तिने हात वर धरले.

काही ऐकू आलं नाही. शेगडी विझलेली होती, किटली गार होती, खिडक्या आता बंद होत्या. तिने वाट बघितली. खांदे भरून आले तेव्हा हात खाली घेतले, पुन्हा वर धरले, पुन्हा वाट बघितली. घरात इतकी शांतता तिने आयुष्यात कधी ऐकली नव्हती. ती मागे वळली. फळीवर नुसता डाग होता. तिने जाऊन त्यावर पाय ठेवला, आणि तिथे अजिबात दाटी नव्हती.

क्षणभर तिला वाटलं, सुटला बिचारा. मग दुपारचं नाचाचं गाणं आठवलं, आणि नदीच्या मुखाशी निघून गेलेल्या तरुण एवाल्दोचं ते वाक्य आठवलं. जो वाट बघत नाही त्याच्यामागे तो उभा राहत नाही. मग तो उभा कुणामागे राहील? कान लावून श्वासाची वाट बघणारं आता दुसरं कोण आहे?

तिने रेडिओ लावला. निवेदिकेने दोघांची नावं सांगितली, टाळ्या झाल्या, थांबल्या. पियानोचा सूर आला, रेनाताने तारा जुळवल्या. मग सान्तियागोच्या त्या मोठ्या सभागृहातली शांतता खोलीभर पसरली. ओटिलियाने रेडिओच्या जाळीला कान लावला.

श्वास आला. नाकाने ओढलेला, आणि टोकाला बारीक शीळ.

"थांब, बाळा," ती त्या कधी न पाहिलेल्या गास्पारला म्हणाली. "हा तिचा नाही. तिच्यासाठी थांब."

पियानो सुरू झाला. त्याच्या मागून, जरा उशिरा, रेनाताचं व्हायोलिन आलं.